‘राइट ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे! शब्दाचा अर्थ, वापर आणि शेतकऱ्यांनी काय तपासावं

धरणगाव : ‘राइट ऑफ’ हा इंग्रजी शब्द बँकेच्या काउंटरवरून आता थेट पारावर येऊन बसला आहे. ‘त्याचं राइट ऑफ झालं’, ‘सिबिलला राइट ऑफ दाखवतंय’, ‘बँकांनी मोठ्या लोकांचे लाखो कोटी राइट ऑफ केले’ अशी वाक्यं तालुक्यात कुठंही ऐकायला मिळतात. पण बोलणाऱ्याच्या मनात अर्थ एक असतो आणि बँकेच्या कागदावर दुसराच. बहुतेक जण राइट ऑफ म्हणजे कर्जमाफी असं धरून चालतात. मग वर्ष-दोन वर्षांनी वसुलीचा कागद हातात पडतो आणि सवाल येतो, ‘भाऊ, मनं कर्ज तं राइट ऑफ व्हई गयं, मंग नोटीस कसाले उनी?’

या एका सवालाचं उत्तर नीट समजलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. म्हणून हा शब्द कुठून आला, त्याचे अर्थ किती, वाक्यात तो कसा वापरायचा आणि बँकेत तो कानावर पडला तर काय तपासायचं, हे सगळं एका ठिकाणी देत आहोत. बारावीच्या मुलांना इंग्रजीसाठी आणि घरातल्या मोठ्यांना बँकेसाठी, दोघांनाही उपयोगी पडेल.

शब्द कसा बनला?

इंग्रजीत काही क्रियापदं जोडशब्दाची असतात. साधं क्रियापद घ्यायचं आणि त्याला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ असा छोटा शब्द जोडायचा. व्याकरणात याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. गंमत अशी की दोन शब्दांची बेरीज केली तर अर्थ निघतोच असं नाही. आपल्याकडेही तसंच आहे. ‘उडवणे’ वेगळं आणि ‘उडवून लावणे’ वेगळं. ‘वाट लागणे’ या शब्दांत वाट असते, पण ती रस्त्याची नसते.

‘राइट’ म्हणजे लिहिणे. यात पहिलं अक्षर डब्ल्यू असतं, पण त्याचा उच्चार होत नाही. त्यामुळं बरोबर या अर्थाचा ‘राइट’ आणि हा ‘राइट’ कानाला सारखेच लागतात. ‘ऑफ’ म्हणजे बाजूला, सुटून, बंद. मोटर ऑफ केली हा त्यातलाच ‘ऑफ’. दोन्ही जोडून मूळ भाव असा होतो : लिहून बाजूला काढणे, म्हणजे हिशेबाच्या वहीतल्या चालू येण्यातून एखादी रक्कम लिहून कमी करणे.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. हा शब्द वहीचा आहे. जो वही लिहितो, त्याने स्वतःच्या वहीत केलेली ती नोंद आहे. सतराव्या शतकात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या धरणगावातच होती. वखारवाल्यांचं सगळं कामच वहीचं, येणं किती आणि देणं किती. राइट ऑफ हा त्याच जातीचा शब्द आहे. त्यात समोरच्यावर केलेली दया नाही, लिहिणाऱ्याने आपल्या हिशेबाची केलेली साफसफाई आहे.

मराठीत याला काय म्हणायचं?

एकच मराठी शब्द पुरत नाही. जागा पाहून शब्द बदलतो. मुख्य वापर पाच.

पहिला, कर्जाचा किंवा उधारीचा. याला आपला जुना आणि अगदी नेमका शब्द आहे : बुडीत खाती टाकणे. किराणा दुकानदार दहा वर्षांची न आलेली उधारी शेवटी बुडीत खाती लिहितो. याचा अर्थ त्याने ती माफ केली असा होत नाही. उधारीवाला उद्या पैसे घेऊन दुकानात आला तर दुकानदार नको म्हणत नाही, मोजून घेतो.

दुसरा, पैशाची किंवा वस्तूची आशा सोडण्याचा. ‘त्या पैशावर पाणी सोडलं’ असं आपण म्हणतो. पाहुण्याला हातउसने दिलेले पाच हजार परत येणार नाहीत अशी मनाची तयारी करून टाकणे म्हणजे ते राइट ऑफ करणे.

तिसरा, सरकारी मालमत्तेचा. यासाठी सरकारी मराठीत ‘निर्लेखन’ हा शब्द आहे. ‘निर्’ म्हणजे नाहीसे आणि ‘लेखन’ म्हणजे लिहिणे, इंग्रजी शब्दाची घडण जशी तशीच याची. जिल्हा परिषद शाळेची पडायला आलेली खोली, अंगणवाडीची धोकादायक इमारत, भंगार झालेलं सरकारी वाहन यांचे निर्लेखन प्रस्ताव जातात, हे ग्रामपंचायत सदस्यांना माहीत आहे. खोली निर्लेखित झाली म्हणजे ती दप्तरातून कमी झाली. भिंती मात्र पाडेपर्यंत उभ्याच असतात आणि पोरांनी तिकडं जायचं नाही हेही कायम असतं. कर्जाचं नेमकं असंच होतं.

चौथा, गाडीचा. अपघातात गाडी इतकी मोडली की दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही, तर इंग्रजीत ती गाडी ‘राइट-ऑफ’ झाली म्हणतात. आपल्याकडे गॅरेजवाले आणि विमावाले ‘टोटल लॉस’ हा शब्द वापरतात. पॉलिसीत गाडीची जी विमा किंमत धरलेली असते, तिच्या ७५ टक्क्यांच्या वर दुरुस्तीचा खर्च गेला की गाडी टोटल लॉस धरतात.

पाचवा, माणसाचा. ‘आता याच्याच्यानं काही होत नाही’ असं ठरवून एखाद्याला हिशेबातच न धरणे. मराठीत ‘मोडीत काढणे’. क्रिकेटच्या आणि निवडणुकीच्या बातम्यांत हा अर्थ जास्त येतो : त्याला इतक्यात मोडीत काढू नका.

याशिवाय इंग्रजीत पत्र पाठवून काही मागवणे यालाही ‘राइट ऑफ’ म्हणतात, पण तो वापर आपल्याकडे फारसा नाही.

बँकेत कर्ज राइट ऑफ होतं म्हणजे नक्की काय होतं?

आता मुद्द्याचं. समजा एका शेतकऱ्याने एक लाखाचं पीककर्ज घेतलं. पाऊस गेला किंवा भाव पडला, हप्ता भरता आला नाही. इतर बहुतेक कर्जं ९० दिवस थकली की बँक ती ‘एनपीए’ म्हणजे अनुत्पादक धरते. शेतीला नियम थोडा वेगळा आहे. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं, आणि वर्षाच्या वर हंगाम असलेल्या पिकाचं एक हंगाम थकलं, तर ते एनपीए होतं.

एनपीए झालं की बँकेला स्वतःच्या नफ्यातून थोडी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागते. याला ‘तरतूद’ म्हणतात. कर्ज जितकं जुनं थकीत, तितकी तरतूद जास्त. साधारण चार वर्षांत ही तरतूद पूर्ण शंभर टक्के होते. म्हणजे बँकेने एक लाखाच्या बुडीतापोटी स्वतःचे एक लाख बाजूला काढलेले असतात. मग हे कर्ज ताळेबंदात दाखवत राहण्यात बँकेला काही अर्थ नसतो. ती ते ताळेबंदातून काढून टाकते. याचं नाव राइट ऑफ.

यात कर्जदाराच्या बाजूने काय बदललं? काहीही नाही. त्याचं खातं वसुलीच्या वेगळ्या यादीत जातं. मुद्दल तेवढंच राहतं आणि कराराप्रमाणे व्याज मागायचा बँकेचा हक्कही राहतो. जामीनदार सुटत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आपोआप उतरत नाही. सहकारी सोसायटीचं कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढता येतो. कर्जदार वारला तर वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी पुढं येते.

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात ‘टेक्निकल राइट ऑफ’ची व्याख्याच दिली आहे. तिचा मराठीत सारांश असा : कर्जदाराच्या खात्यावर येणे बाकी राहते, बँक फक्त हिशेबापुरते ते कमी करते, कर्जदारावरचा दावा सोडलेला नसतो आणि वसुलीला बाध येत नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपल्याकडे मात्र ‘राइट ऑफ झालं, आता कोणी विचारत नाही’ हा समज पक्का बसला आहे.

मग ते उद्योगपतींचे लाखो कोटी?

हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो आणि रास्तही आहे. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार बँकांनी आधीच्या दहा आर्थिक वर्षांत सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची थकीत कर्जं राइट ऑफ केली. त्याच उत्तरात सरकारने सांगितलं की यामुळं कर्जदाराची देणेदारी माफ होत नाही आणि वसुली चालू राहते.

म्हणून ‘बँकांनी इतके लाख कोटी माफ केले’ अशी बातमी कोणी लिहिली तर शब्दाच्या हिशेबाने ती चूक आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. वसुली चालू राहते म्हणजे सगळे पैसे परत येतातच असं नाही. मोठ्या थकबाकीदाराकडे वकील असतो, तडजोडीला बसायला वेळ असतो, आणि राइट ऑफचा अर्थ त्याला चांगला माहीत असतो. दोन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो माहीत नसतो. शब्द दोघांना एकच लागू आहे, फरक समजण्यात पडतो. म्हणून तर तो समजून घ्यायचा.

चार शब्द, चार वेगळे शेवट

बँकेत कर्ज ‘मिटलं’ असं चार प्रकारे बोललं जातं. फरक ओळखायची सोपी रीत म्हणजे एकच प्रश्न विचारायचा : पैसे कोणी भरले?

पे ऑफ : पूर्ण पैसे आपण भरले. कर्ज फिटलं, खातं बंद. मराठीत कर्जफेड. सिबिलला ‘क्लोज्ड’ येतं.

वेव्हर : आपल्या वतीने सरकारने भरले, किंवा बँकेने स्वतःहून हक्क सोडला. मराठीत माफी. येणे बाकी शून्य होते आणि तसं लेखी मिळतं.

सेटलमेंट : काही आपण भरले, उरलेले बँकेने सोडले. मराठीत तडजोड किंवा एकरकमी परतफेड, बोलताना ‘ओटीएस’. लोकअदालतीत बरीच प्रकरणं अशीच मिटतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी आकडा नीट पाहायचा. सिबिलला ‘सेटल्ड’ येतं. कर्ज संपतं, पण पूर्ण फेडलं नव्हतं ही खूण राहते.

राइट ऑफ : कोणीच भरले नाहीत. बँकेने फक्त वहीतलं पान बदललं. सिबिलला ‘रिटन ऑफ’ येतं. कर्ज उभं आहे.

कागद उभा आहे तोवर कर्ज उभं आहे, ही गोष्ट आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना पक्की ठाऊक होती. १८७५ साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. तेव्हा लोकांनी सावकारांची खतं आणि रोखे हिसकावून जाळले. त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. सावकाराने आपल्या वहीत काय लिहिलं यात त्यांना रस नव्हता, आपल्या अंगठ्याचा कागद शिल्लक आहे का एवढंच त्यांनी पाहिलं. दंगलीची गरज आता नाही, पण प्रश्न तोच विचारायचा : माझ्या सहीचा कागद अजून चालू आहे का?

सरकारी योजनांत कोणता शब्द वापरला?

आतापर्यंतच्या मोठ्या योजनांची नावं पाहिली तर हा फरक आणखी कळतो.

२००८ : केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या योजनेच्या इंग्रजी नावात ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’ असे दोन शब्द होते, आणि ते मुद्दाम वेगळे होते. पाच एकरांपर्यंतच्या अल्प व अत्यल्पभूधारकांची पात्र थकबाकी पूर्ण माफ झाली, तो वेव्हर. त्यावरच्या शेतकऱ्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट मिळाली, तो रिलीफ. राइट ऑफ हा शब्द नावात कुठंच नव्हता.

२०१७ : राज्याची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, शासन निर्णय २८ जूनचा. दीड लाखापर्यंत लाभ. थकबाकी त्यावर असेल तर वरची रक्कम आधी भरायची, मग दीड लाखाचा लाभ. म्हणजे एकाच योजनेत काहींना माफी आणि काहींना एकरकमी परतफेड.

२०१९ : महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं कर्ज यात बसलं. दोन लाखांच्या वर बाकी असलेले बसले नाहीत. आधार प्रमाणीकरण झाल्यावर रक्कम थेट कर्जखात्यात गेली.

तिन्ही वेळेला सरकारने बँकांना पैसे दिले. म्हणून ती माफी झाली. राइट ऑफमध्ये असं कोणी देत नाही.

‘माफी’ या शब्दावरही वाद आहे. माफी गुन्हेगाराला असते, शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, म्हणून कर्जमाफी म्हणू नका, कर्जमुक्ती म्हणा, अशी मांडणी शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने वर्षानुवर्षं केली. २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आलं. शब्द बदलला की त्यामागचा विचार बदलतो, याचं हे मराठीतलंच उदाहरण.

‘वेव्ह ऑफ’ म्हणणं बरोबर का?

आपल्याकडे पुढाऱ्यांपासून पत्रकारांपर्यंत सगळे ‘लोन वेव्ह ऑफ करा’ म्हणतात. इंग्रजीत माफ करणे यासाठी नुसतं ‘वेव्ह’ पुरतं, पुढं ‘ऑफ’ लागत नाही. त्याचं स्पेलिंग डब्ल्यू, ए, आय, व्ही, ई. यातला ‘आय’ काढला तर होतो तो दुसरा ‘वेव्ह’, म्हणजे लाट किंवा हात हलवणे. त्याला ‘ऑफ’ जोडलं की अर्थ होतो हात हलवून निरोप देणे किंवा हातानेच झटकून टाकणे. उच्चार एकच असल्यामुळं आणि ‘राइट ऑफ’मधलं ‘ऑफ’ जिभेवर असल्यामुळं ही सरमिसळ झाली असावी. भारतात ‘वेव्ह ऑफ’ इतकं रूढ आहे की बोलताना कोणी अडवत नाही. पण परीक्षेत आणि अर्जात ‘ऑफ’ लावू नये. आणि मुख्य म्हणजे ‘वेव्ह’च्या जागी ‘राइट ऑफ’ कधीच घालू नये.

वाक्यात कसं वापरायचं?

रूपं अशी : आज ‘राइट ऑफ’, काल ‘रोट ऑफ’, आणि ‘झालेलं आहे’ या अर्थाने ‘रिटन ऑफ’. सिबिलच्या कागदावर हे तिसरं रूप असतं.

‘द बँक रोट ऑफ द लोन.’ बँकेने कर्ज बुडीत खाती टाकलं.

‘द बँक रोट द लोन ऑफ.’ हेही बरोबर. ज्याच्याबद्दल बोलायचं तो शब्द मध्ये घालता येतो.

‘द बँक रोट इट ऑफ.’ ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ अशी सर्वनामं असली की ती मध्येच घालावी लागतात. ‘रोट ऑफ इट’ चूक. बारावीच्या मुलांनी हा नियम पाठ करावा.

‘द लोन हॅज बीन रिटन ऑफ.’ कर्ज बुडीत खाती गेलं आहे. कोणी टाकलं हे न सांगता बोलायची ही रीत बँकेच्या पत्रात जास्त दिसते.

‘डोन्ट राइट हिम ऑफ.’ त्याला मोडीत काढू नका.

‘द जीप वॉज अ राइट-ऑफ.’ जीप भंगारातच गेली. इथं राइट-ऑफ हे नाम आहे. नाम असलं की मध्ये छोटी रेघ देतात आणि बोलताना जोर ‘राइट’वर येतो. क्रियापद असलं की जोर ‘ऑफ’वर.

बोलीत आपण ‘राइट ऑफ करणे’, ‘राइट ऑफ होणे’, ‘राइट ऑफमध्ये जाणे’ असं म्हणतो. मराठी बोलणं म्हणून ते चालतं. फक्त कोणी कोणाचं केलं, हे विसरायचं नाही. बँक स्वतःच्या हिशेबातलं राइट ऑफ करते. शेतकरी आपलं कर्ज राइट ऑफ करून घेऊ शकत नाही.

आपलं कर्ज कोणत्या अवस्थेत आहे, कसं पाहायचं?

एक. बँकेत किंवा विकास सोसायटीत ‘राइट ऑफ झालं का?’ असं विचारू नका. ‘मला बेबाकी दाखला मिळेल का?’ असं विचारा. काही ठिकाणी त्याला नील दाखला किंवा नो ड्यूज म्हणतात. दाखला मिळाला तर कर्ज संपलं. ‘नाही देता येत’ म्हटले, तर बाकी आहे, मग तोंडी काहीही सांगितलेलं असो.

दोन. सिबिल रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. गुण ३०० ते ९०० असतात, पण नुसते गुण पाहून थांबू नका. प्रत्येक खात्यापुढं क्लोज्ड, सेटल्ड की रिटन ऑफ काय लिहिलंय ते पाहा.

तीन. माफीचा लाभ मिळूनही किंवा पूर्ण भरूनही ‘रिटन ऑफ’ दिसत असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. पोच घेतल्याशिवाय मात्र दिवस मोजता येत नाहीत, म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. राष्ट्रीयीकृत बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठीचा चौकशी क्रमांक १४४४८.

चार. सातबारा काढून ‘इतर हक्क’ पाहा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्या (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार झाला का ते पाहा. कर्ज फिटून वर्षं झाली तरी बोजा तसाच, आणि जमिनीच्या वाटणीच्या वेळी तो सापडतो, अशी प्रकरणं नेहमी होतात.

पाच. कर्ज खरंच राइट ऑफ आहे आणि थोडीफार ऐपत आहे, तर ही तडजोडीची वेळ असू शकते. बँकेने पूर्ण तरतूद केलेली असल्यामुळं जे येईल ते तिला वरकड असतं. एकरकमी परतफेडीची योजना चालू आहे का विचारा. ठरलेला आकडा, भरायची तारीख आणि ‘यानंतर बाकी शून्य’ हे तिन्ही शब्दांत लेखी घ्या, मगच पैसे भरा.

पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका असं राज्य सरकारने बँकांना वेळोवेळी बजावलं आहे. तरी ट्रॅक्टर, पाइपलाइन, घर, मुलांचं शिक्षण यासाठी कर्ज मागायला गेलो की तोच ‘रिटन ऑफ’ शेरा आडवा येतो. बापाच्या थकीत पीककर्जाला मुलगा सहकर्जदार असेल तर शेरा त्याच्याही नावावर येतो.

‘राइट ऑफ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

शब्दाच्या या गोंधळावर काही जणांचा धंदा चालतो. ‘दोन-तीन हजार द्या, तुमचं कर्ज राइट ऑफ करून प्रमाणपत्र देतो’ असं सांगणारे भेटतात. बचत गटाच्या आणि फायनान्सच्या कर्जदार महिलांना तर घरी येऊन गाठतात. रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला होता : काही लोक कर्जमाफीच्या खोट्या जाहिराती करतात, फी घेऊन ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ देतात, त्यांना तसा कोणताही अधिकार नाही. वही बँकेची आहे, त्यामुळं त्या वहीतली नोंद बाहेरचा माणूस बदलू शकत नाही. असं प्रमाणपत्र घेऊन हप्ते बंद केले तर व्याज चढतं, शेरा लागतो आणि दिलेली फीही जाते.

अर्जाचा नमुना

खालचा मजकूर कोऱ्या कागदावर लिहून दोन प्रती न्या. एक बँकेत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या.

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : माझ्या कर्जखात्याची सद्यस्थिती लेखी कळविणेबाबत.

महोदय,
मी खाली सही करणार, राहणार (गाव), ता. धरणगाव, जि. जळगाव, आपल्या शाखेचा कर्जदार असून माझा कर्जखाते क्रमांक (क्रमांक) आहे. तरी आपणांस विनंती की, खालील बाबी मला लेखी कळवाव्यात.

१) आजच्या तारखेस माझ्याकडे मुद्दल व व्याज मिळून किती येणे बाकी आहे.
२) माझे खाते चालू, थकीत, निर्लेखित (राइट ऑफ), तडजोडीने मिटलेले की पूर्ण बंद, यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे.
३) कोणत्याही शासकीय कर्जमाफी योजनेची रक्कम माझ्या खात्यात जमा झाली असल्यास योजनेचे नाव, रक्कम व तारीख.
४) एकरकमी परतफेड योजना लागू असल्यास भरावयाची रक्कम व अंतिम मुदत.
५) बाकी शून्य असल्यास बेबाकी दाखला व सातबाऱ्यावरील बोजा कमी करण्याचे पत्र मिळावे.

आपला,
(सही, नाव, दिनांक, मोबाइल क्रमांक)